चामड्याची चकती

गिअरबॉक्स आणि प्रोपेलर शाफ्ट यांच्यामध्ये बेबी ऑस्टिन मोटारीला एक चकती असते. इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडे जातो तो हिच्यातून. झटके गिळायचे आणि शाफ्ट जरा वाकडातिकडा झाला तरी सांभाळून घ्यायचं, हे तिचं काम. गाडीच्या पुस्तकात ती कापडाचे थर रबरात दाबून केलेली दाखवली होती. मी गाडीखाली उताणी पडून, डोळ्यांत माती जाऊ नये म्हणून एक डोळा मिटून, तिचे बोल्ट सोडवले आणि चकती छातीवर पडली. उजेडात आणून पाहिली तर ती चामड्याची. चार थर, एकावर एक, आणि कडेनं वादीनं शिवलेले. शिवण इतकी सारखी की टाके मोजावेसे वाटले. मोजलेही.

त्या दिवशी पुढचं काम केलं नाही. ती चकती कापडात गुंडाळून घरात आणली आणि देवघराशेजारच्या कोनाड्यात ठेवली.

गाडी आजोबांची. ते गडहिंग्लजला डॉक्टर होते. 1931 सालची ही ऑस्टिन सेव्हन, म्हणजेच बेबी ऑस्टिन, त्यांनी 1938 मध्ये बेळगावातून सेकंडहँड घेतली आणि आसपासच्या गावांना व्हिजिटला जाण्यासाठी वापरली. इंग्लंडात विंटेज म्हणजे 1930 अखेरपर्यंतची गाडी, असं तिथले जुने शौकीन काटेकोरपणे धरतात. म्हणजे आमची एका वर्षानं हुकली. आपल्याकडे मात्र 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली गाडी विंटेज ठरते. नंबरप्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, आणि ती रोजच्या वापराला न काढता प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला तेवढी रस्त्यावर आणायची असते. मला तेवढं पुरे आहे.

आजोबा गेल्यावर ती गोठ्याशेजारच्या पडवीत उभी राहिली. तिच्यावर कडबा रचला गेला, कोंबड्या बसल्या, आम्ही पोरं तिच्यात बसून बेळगावला जाऊन आलो. वाडा उतरवायचा ठरला तेव्हा दादा म्हणाला, ‘भंगारवाला चांगला भाव देतोय.’ मी म्हटलं, ‘माझ्या वाटणीत मला तेवढीच दे.’ टेम्पोत घालून कोल्हापूरला आणली. जेमतेम नऊ फूट लांब, चार फूटही रुंद नाही. आमच्या बंगल्याच्या पार्किंगमध्ये ती आणि माझं वर्कबेंच दोन्ही मावली.

हर्बर्ट ऑस्टिन यांना साध्या माणसाला परवडेल अशी खरीखुरी मोटार करायची होती. त्यांच्या कंपनीच्या संचालकांना ते पटेना. तेव्हा त्यांनी स्टॅन्ली एज नावाच्या अठरा वर्षांच्या ड्राफ्ट्समनला आपल्या घरी नेऊन बसवलं आणि बिलियर्ड्सच्या खोलीत या गाडीची ड्रॉइंगं झाली. 1922 ते 1939 या काळात सुमारे 2,90,000 गाड्या निघाल्या. बीएमडब्ल्यूची पहिली मोटार हीच, परवाना घेऊन बनवलेली. इंजिन 747 सीसीचं, चार सिलिंडर, आणि क्रँकशाफ्टला आधार फक्त दोन टोकांना. मध्ये काही नाही. पाण्याचा पंप नाही, गरम पाणी आपोआप वर चढतं आणि गार होऊन खाली येतं. आमच्या मॉडेलला पेट्रोलचा पंपही नाही. टाकी बॉनेटखाली उंचावर, पेट्रोल आपल्या वजनानं कार्ब्युरेटरमध्ये उतरतं. मला या इंजिनाबद्दल आदर वाटतो तो याच कारणासाठी. नसलं तरी चालेल ते त्यात ठेवलेलंच नाही.

उघडायला घेतली तेव्हा पहिल्याच नटाला माझे पाने बसेनात. चौदाचा सैल, तेराचा जाईना. या गाडीचे आटे ब्रिटिश पद्धतीचे, 55 अंशांचे. आपले मेट्रिक आटे 60 अंशांचे. पान्यावरचा आकडाही नटाच्या रुंदीचा नसतो, बोल्टाच्या जाडीचा असतो. पुण्याच्या जुन्या बाजारात दोन रविवार घालवून सेट जमवला. मग सहा महिने नुसतं सोडवणं. प्रत्येक सुटा भाग सोडण्याआधी वहीत चित्र, फोटो, मग डबा, डब्यावर चिठ्ठी. मी शाळेत भूमिती शिकवत आले, त्यामुळे चित्र काढायचा कंटाळा मला कधीच आला नाही.

एकच दिवस घाई केली. सिलिंडर हेडचा एक स्टड हलत नव्हता. माझ्या मदतीला येणारे मेस्त्री म्हणाले होते, ‘ताई, तेल सोडा आणि आठ दिवस तिकडं बघू नका.’ मी चौथ्या दिवशी पाना लावला. स्टड ब्लॉकच्या तोंडाशी तुटला. तो आवाज अजून कानात आहे. पुढचे तीन आठवडे त्या एका स्टडच्या पायी गेले: गरम करायचं, मेण लावायचं, थंड होऊ द्यायचं, पुन्हा गरम. अखेर तो निघाला तेव्हा मेस्त्रींनी तो माझ्या तळहातावर ठेवला आणि एवढंच म्हणाले, ‘ठेवा. पुढच्या येळी आधी ह्याच्याकडं बघा.’

गाडी जसजशी उघडत गेली तसतसे आत निरनिराळे हात दिसायला लागले. आजोबांच्या हिशेबाच्या वह्या दादानं पाठवल्या, त्यात ‘मोटार’ म्हणून वेगळं पान होतं. महायुद्धात इंग्लंडमधून सुटे भाग यायचे बंद झाले, ऑस्टिनच्या लाँगब्रिजच्या कारखान्यात विमानं बनू लागली, इकडे पेट्रोल रेशनवर आलं. पण पेशंट थांबत नव्हते. मग जे मोडेल ते इथेच घडवलं गेलं. एका व्हॉल्व्हची स्प्रिंग वेगळ्याच तारेची होती. रेडिएटरच्या तळाला पितळी डाग होता, भांडं सांधावं तसा. वायरिंगचे सांधे आजोबांनी दवाखान्यातल्या चिकटपट्टीनं बांधले होते. कापडाच्या वायरीवर पिवळी पडलेली ती पट्टी पाहून मला त्यांच्या बोटांचा स्पिरिटचा वास आठवला.

आणि चामड्याची चकती. वहीत 1943 च्या पानावर नोंद होती: ‘चकती, चांभाराकडून, 12 आणे.’

इथे मला ठरवावं लागलं. गाडीच्या छंदातले माझे परिचित सांगत होते की फॅक्टरीतून निघाली तशी कर, अगदी नटबोल्टसकट. त्यांचं बरोबर असेल. पण ही गाडी लाँगब्रिजमध्ये काही आठवडे होती आणि या मातीत नव्वद वर्षं. ज्यांनी ती चालती ठेवली त्यांचं काम ‘ओरिजनल नाही’ म्हणून उकरून फेकायला माझा हात धजावेना. सगळं ठेवलं असंही नाही. वायरिंग पूर्ण काढलं, कारण पेट्रोलची टाकी तिथेच वर आहे आणि एक ठिणगी पुरे. ब्रेकच्या केबलींपैकी एक कुणीतरी मध्ये गाठ मारून सांधली होती. ती त्याच दिवशी कापली. जिवावर बेतेल ते जायचं, बाकीचं राहायचं. रेडिएटरचा डाग राहिला. दारावरचा रंग खरवडला नाही, नुसता धुऊन मेण लावलं. पायरीपाशी आजोबांच्या बुटानं झिजलेली जागा तशीच आहे.

कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगला मात्र पर्याय नव्हता. या इंजिनात आजच्यासारखी बाजारातून आणून बसवायची बेअरिंगं नसतात. रॉडमध्येच व्हाइट मेटल ओतलेलं असतं. चारपैकी दोन रॉडांचं मेटल खपली धरून निघत होतं. हे काम करणारे आता बोटांवर मोजण्याइतके. शिवाजी उद्यमनगरात विचारत विचारत एका काकांपर्यंत पोचले. सत्तरी ओलांडलेले, एका डोळ्याला मोतीबिंदू. रॉड हातात घेऊन त्यांनी नखानं ओरखडा काढला. ‘कवाचं हाय?’ मी साल सांगितलं. ‘मग माझ्यापरीस थोरलं की,’ म्हणाले, आणि घेतलं.

मी दोन दिवस त्यांच्याकडे स्टुलावर बसून होते. आधी जुनं मेटल वितळवून काढलं, रॉड कॉस्टिकमध्ये उकळून धुतला. मग कल्हई. लहानपणी वाड्यासमोर कल्हईवाला बसायचा तीच क्रिया: धातू तापवायचा, नवसागर टाकला की पांढरा धूर, आणि कापसाच्या बोळ्यानं कथील फिरवलं की काळ्या पोलादावर चांदण्यासारखा पापुद्रा. ‘हितं कलई धरली न्हाई,’ काका म्हणाले, ‘तर वरचं मेटल म्हंजे नुसता वर्ख. दिसतंय छान, पर सुटतंय.’

मधल्या साच्याच्या दांड्याला त्यांनी दिव्याची काजळी धरली, म्हणजे मेटल तिला चिकटत नाही. फटी मातीनं लिंपल्या. कढईतल्या मेटलवरची साय पळीनं बाजूला केली आणि लाकडाची काडी बुडवली. काडी काळी झाली, पण पेटली नाही. मग त्यांनी श्वास रोखला. खरंच रोखला, मी पाहत होते. पळी एकदाच उचलली आणि एकाच धारेत ओतलं. धार मध्ये तुटली तर तिथे पुढे भेग जाते. निवाल्यावर रॉड दोरीला टांगून छोट्या हातोडीनं टिचकी मारली. घंटेसारखा स्वच्छ नाद आला. दुसऱ्याचा नाद जरा बसका वाटला, मला तर फरकही कळला नव्हता. त्यांनी तो लगेच पुन्हा भट्टीत घातला आणि सगळं पहिल्यापासून केलं.

लेथवर बोअर झाल्यावरचं काम घरी मी केलं. क्रँकपिनला निळा रंग पुसट लावायचा, रॉड बसवून फिरवायचा, काढायचा. मेटलवर जिथे निळं उमटेल तो उंचवटा, तो स्क्रेपरनं खरवडायचा. पुन्हा निळं, पुन्हा खरवडणं. सुरुवातीला दोन ठिपके, मग पाच, मग हळूहळू पूर्ण चंद्रकोर निळी. चार रॉडांना माझी दिवाळीची सुट्टी गेली. रॉड आडवा धरून सोडला की तो धपकन न पडता आपल्या वजनानं सावकाश खाली यायला हवा. चौथा तसा आला तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते, आणि घरात सांगायला जागं कुणी नव्हतं.

या इंजिनात तेल दाबानं बेअरिंगपर्यंत जात नाही. क्रँककेसमध्ये दोन बारीक जेट असतात; त्यांतून तेलाची पिचकारी फिरत्या क्रँकवर उडते आणि क्रँक ती झेलून रॉडला पाजतो. जेट तुंबला की मेटल जळालंच. आमचा एक जेट पूर्ण बुजलेला होता. बहुधा त्यानंच ही गाडी थांबवली असावी. बारीक तारेनं तो साफ करताना कडक काळा खडा निघाला, मोहरीएवढा.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी इंजिन सुरू केलं. बॅटरी सहा व्होल्टची, पण पहिल्यांदा हँडलच मारायचं ठरवलं होतं. अंगठा हँडलभोवती गुंडाळायचा नाही, बोटांच्याच बाजूला ठेवायचा. इंजिनानं उलटा झटका दिला तर मनगट वाचतं. मेस्त्री, त्यांचा मुलगा आणि गडहिंग्लजहून आलेला दादा. सातव्या हँडलला एकदा खोकलं. नवव्याला धरलं. मी धावत डॅशबोर्डकडे गेले, कारण तिथे एक छोटं बटण आहे: तेल फिरू लागलं की ते बाहेर येतं. दोन-तीन सेकंद ते आतच होतं. मग हळूच बाहेर आलं. मी त्यावर बोट ठेवलं तर ते थरथरत होतं.

राहिली होती चकती. इंग्लंडमध्ये या गाडीचे भाग आजही बनतात. कापड-रबराची नवी चकती मी मागवलेली होती, डब्यात पडून होती. जुनी चामड्याची वाळून तडकलेली, ती लावणं शक्य नव्हतं. शेवटी ती कोनाड्यातून काढून सुभाषनगरात एका चप्पल करणाऱ्या कारागिरांकडे नेली. त्यांनी ती उन्हात धरली, वाकवली, हुंगली.

‘म्हशीचं हाय. बाभळीच्या सालीत कमावलंय,’ ते म्हणाले. मग थरांकडे नखानं दाखवलं. ‘हे बघा, एक थर उभा, एक आडवा. म्हंजे कुठल्याच अंगाला ताणणार न्हाई. करणारा शाणा हुता.’ आणि मग, ‘वाळलं बिचारं. तेल पाजलं न्हाई कुणी.’

नवी करायला त्यांनी आठ दिवस घेतले. पोटाकडचं कातडं ताणतं म्हणून पाठीवरचंच निवडलं. खिळा नाही, डिंक नाही. वादीची शिवण, जुन्याइतकेच टाके. पैसे विचारले तर म्हणाले, ‘बसती का बघू आधी.’ आणि स्वतःच माझ्याबरोबर घरी आले.

गाडी स्टँडवर उभी होती, मागची चाकं अधांतरी. चकती बसली. बोल्ट आवळले. इंग्लंडची चकती मी सीटखाली ठेवली, वाटेत लागली तर. गिअर न्यूट्रलला टाकला. एकच चाक फिरवलं तर दुसरं उलट फिरतं आणि शाफ्ट जागचा हलत नाही, म्हणून दादानं पलीकडचं चाक दोन्ही हातांनी धरून ठेवलं. कारागिरांनी चपला बाजूला काढल्या, पोतं अंथरलं आणि गाडीशेजारी आडवे होऊन खाली पाहू लागले. मी अलीकडचं चाक हळूहळू फिरवत राहिले.

‘फिरतीया,’ ते खालून म्हणाले. ‘अजून जरा फिरवा.’