आईचा डबा आणि मोगऱ्याची कुंडी

शिष्यवृत्तीचे अर्ज, जातपडताळणी, विहाराच्या जागेचे उतारे असल्या विषयांवर लिहिणाऱ्या माणसाने एकदम फुलझाडाच्या कुंडीवर लिहावे, हे वाचक बंधू-भगिनींना विचित्र वाटेल. आमच्या कचेरीतल्या मित्रांनाही ते वाटले. पण गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी एक कुंडी तयार झाली आणि तिच्यापायी आम्हाला आमच्याच आईची नव्याने ओळख झाली. म्हणून हा प्रपंच.

आईची नजर काचबिंदूने गेली. एका डोळ्याला उजेड-अंधार कळतो, दुसऱ्याला तेवढेही नाही. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही, औषध फक्त उरलेली टिकवण्यासाठी असते, हे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा फार उशीर झाला होता. आम्ही त्याला मोतीबिंदू समजत होतो. पिकला की ऑपरेशन करू, अशा हिशेबाने दोन वर्षे घालवली. चाळिशी उलटलेल्या प्रत्येकाने डोळ्यांचा दाब तपासून घ्यावा, एवढे जाता जाता लिहून ठेवतो. आमच्यासारखी चूक कोणी करू नये.

आई आता दिवसभर गॅलरीत बसून असते. तिच्यासाठी आमच्या घरच्या आयुष्यमतींनी फेब्रुवारीत मोगऱ्याचे रोप आणले. बटमोगरा. मोगऱ्याची कळी संध्याकाळी उमलते आणि वास रात्री पसरतो. दिसत नसलेल्या माणसाला दिवस मावळल्याचे कळावे, असा त्यांचा विचार होता. रोप साध्या बारा इंची मातीच्या कुंडीत लावले. आमची मुलगी नववीत आहे. तिने शाळेच्या कार्यानुभवात रंगीत लाद्यांचे तुकडे चिकटवून फुलदाणी केली होती. ती म्हणाली, "बाबा, आपण कुंडीला तसंच करू. आजीला हात फिरवून नक्षी कळेल." नर्सरीत तयार कुंड्यांचा दर विचारून आम्ही मुकाट्याने परत आलो होतो, त्यामुळे घरीच करायचे ठरले.

तुकडे कुठून आणायचे, हा प्रश्न निघाला आणि आई गॅलरीतून म्हणाली, "माझा डबा हाय की."

या डब्याची हकिगत आधी सांगायला हवी. आई सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातली. १९७२ च्या दुष्काळात तिने खडी फोडली, सुकडी खाल्ली. मग वडिलांच्या मागोमाग मुंबईला आली. वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि पुढे गिरणीचे काम गेले ते गेलेच. आई बिगारी कामाला लागली. जवळजवळ अठरा वर्षे तिने घमेले आणि लाद्या डोक्यावरून वाहिल्या, लोकांच्या न्हाणीघरांसाठी, चौथ्या-पाचव्या मजल्यावर. आमच्या खोलीत मात्र सिमेंटचा कोबा होता आणि मोरीला तोही धड नव्हता. कामावर कापताना उरलेले लादीचे तुकडे ती घरी आणून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात साठवत असे. गुलाबी, पोपटी, आकाशी, काठाच्या काळ्या पट्ट्या. "मोरीला लावू कवातरी," असे म्हणायची. मोठ्या इमारतींच्या गच्चीवर फुटक्या लाद्यांचा चायना मोझॅक करतात, ऊन परतून लागावे आणि पाणी झिरपू नये म्हणून. तो तिने पाहिलेला होता.

पुढे आम्ही बी. कॉम. झालो, नोकरीला लागलो आणि दोन-तीन पगार साठवून मोरीला नव्या कोऱ्या पांढऱ्या लाद्या बसवल्या. आई काही बोलली नाही. डबा माळ्यावर गेला. त्यानंतर प्रत्येक दिवाळीच्या सुट्टीतल्या साफसफाईत आम्ही विचारत होतो, "आई, हा कचरा टाकायचा का?" ती नाही म्हणायची. व्यासपीठावरून कष्टकरी स्त्रियांच्या श्रमांवर बोलणारे आम्ही, घरात त्या डब्याला कचरा म्हणत होतो. हे लिहिताना हात जड होतो, पण खरे आहे ते लिहिले पाहिजे.

पहिला प्रयत्न साफ फसला. झाड आधी लावलेले, सजावट नंतर. कुंडी कोरडी ठणठणीत. आम्ही व्हाइट सिमेंट कालवून त्यावर तुकडे थापले. तिसऱ्या दिवशी तुकडे टपटप गळू लागले. शिवाय सिमेंटचे पाणी मातीत उतरले आणि मोगऱ्याची पाने पिवळी पडायला लागली. मोगऱ्याला चुनखडीची माती सोसत नाही, हे आम्हाला नंतर कळले. आमच्या वस्तीत लादीकाम करणारे एक कारागीर आहेत. ते कुंडी पाहून हसले. "साहेब, मातीची कुंडी सिमेंटातलं सगळं पाणी ओढून घेते. मग सिमेंट पकडणार कशानं?" आम्ही साहेब नाही, कारकून आहोत, पण ते असो.

त्यांनी सांगितले तसे दुसऱ्यांदा केले. रोप काढून दुसऱ्या कुंडीत हलवले. रिकामी कुंडी रात्रभर पिंपात बुडवून ठेवली, सकाळी निथळू दिली. बुडाच्या भोकात चिंधीचा बोळा कोंबला, म्हणजे ते बुजत नाही. व्हाइट सिमेंटऐवजी हार्डवेअरच्या दुकानातून लादी चिकटवायचे केमिकल आणले. राहिले तुकडे. डब्यातले तुकडे मोठे होते आणि गोल कुंडीवर मोठा सपाट तुकडा बसत नाही, डुगडुगतो. पाऊण इंचाच्या आतले हवेत. आम्ही हातोडी घेऊन बसलो. अर्ध्या तुकड्यांचा भुगा झाला.

आई खुर्चीवरून उठली, चाचपडत खाली बसली आणि म्हणाली, "आण इकडं. खडी फोडलीया म्या."

मुलीने तिच्या डोळ्यांना कामाचा चष्मा लावला. "मला काय लागतोय चष्मा," म्हणून आई हसली, पण लावू दिला. हातोडी धरणाऱ्याने तो लावलाच पाहिजे, बारीक कपची कुठेही उडते. आईने गोणपाटाची दुहेरी घडी केली, तुकडा आत पालथा ठेवला, वरून डाव्या हाताने मधोमध जागा शोधली, बोटे बाजूला घेतली आणि उजव्या हाताने एकच हलका ठोका. आवाजावरून तिला कळत होते, नीट फुटला की नाही. मग प्रत्येक तुकड्याची कड अंगठ्याने तपासून धारदार असेल तो मुलीकडे पॉलिश पेपरवर घासायला द्यायची. दोघींनी मिळून दोन तासांत कुंडीपुरते तुकडे केले. आम्ही नुसते बघत होतो.

त्या दोन तासांत आईने एक गोष्ट सांगितली, जी आम्ही कधी ऐकली नव्हती. एका कामावर मुकादमाने सुट्टीच्या वेळी तिला अडवले, सगळ्यांसमोर पदराची गाठ सोडायला लावली. पाच तुकडे निघाले. फुटके. त्याने तिला चोर म्हटले आणि अर्ध्या दिवसाची हजेरी कापली. आम्ही विचारले, "मग तू काय केलंस?" आई म्हणाली, "दुसऱ्या दिशी राबिटाच्या ढिगापशी गेले. त्याच्याम्होरं एकेक तुकडा उचलून इचारलं, ह्यो फेकायचा हाय का? व्हय म्हनला. मग म्या नेते, म्हनलं. त्या दिसापासनं उघड्यावर घेतलं, दिवसाढवळ्या." आमची मुलगी हातातला तुकडा तसाच धरून ऐकत होती. डब्यात एकही तुकडा त्यानंतर न विचारता आलेला नव्हता.

चंदीगडला नेकचंद नावाच्या सरकारी रस्ते निरीक्षकाने १९५७ च्या सुमारास गुपचूप टाकाऊ सामानातून, फुटक्या कपबश्या, बांगड्या, लाद्या यांतून मूर्ती करायला सुरुवात केली. सरकारी जागेवरचे ते काम उघडकीला आले, पण पाडले गेले नाही. १९७६ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले आणि पुढे त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्या आईच्या पाच तुकड्यांना अर्धी हजेरी गेली.

तुकडे बसवताना वरचा काठ दोन बोटे मोकळा सोडला, धरून उचलायला. एक दिवस वाळू दिले, मग व्हाइट सिमेंटची पातळ लापशी करून सांधे भरले आणि सिमेंट अंगावर घट्ट होण्याआधी ओल्या स्पंजने पुसून घेतले. हे पुसणे विसरलात तर पुढे घासून घासून हात दुखतील. सांधे भरल्यावर आईने सगळीकडे हात फिरवून टोचणाऱ्या दोन जागा दाखवल्या, तिथे पुन्हा भरले. मग आठ दिवस पाणी मारले, शेवटी कुंडी आतून धुतली. त्यानंतरच दोन भाग लाल माती, एक भाग कुजलेले शेणखत आणि एक भाग वाळू घालून झाड लावले. झाडाला पाच-सहा तासांचे ऊन पाहिजे, तेवढे आमच्या गॅलरीत कसेबसे मिळते. एक फरक लक्षात ठेवावा: लाद्यांनी कुंडीची छिद्रे बंद होतात, त्यामुळे माती उशिरा वाळते. पूर्वीसारखे रोज डोळे झाकून पाणी घातले तर मुळे कुजतील. आमच्याकडे आई मातीत बोट घालून सांगते, "आज नगं."

पिवळी पाने गळाली, नवी फुटली आणि एप्रिलच्या मध्याला पहिल्या कळ्या आल्या. तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे त्याच ठेवल्या.

वैशाख पौर्णिमेला विहारातली वंदना आटोपून महिला मंडळाच्या पाच-सहा जणी आमच्याकडे चहाला आल्या. कुंडीची चर्चा त्यांच्या कानावर गेलीच होती. आईला त्यांनी कुंडीजवळ बसवले. आईने बोट ठेवून एकेक सांगायला सुरुवात केली. हा जाड, खरबरीत, तो डॉक्टरच्या बंगल्याचा. ह्यो गुळगुळीत, काठाला पन्हाळ असलेला, तो शाळेच्या मुतारीचा, तिथे पगार वेळेवर मिळाला. ही बारीक पट्टी पाचव्या मजल्याची, लिफ्ट तयार नव्हती, तेव्हा आमची धाकटी बहीण पोटात होती. कोणत्या इमारतीत आता कोण राहते, हे तिला ठाऊक नाही, पण किती जिने चढली ते तिला पाठ आहे. आमच्या कचेरीत मस्टर असते, सही केली की हजेरी लागते. आईची अठरा वर्षांची हजेरी कुठल्याच मस्टरवर नाही.

त्या जमलेल्यांत एक वयस्क बाई होत्या, त्याही बिगारी काम केलेल्या. त्यांनी कुंडीला हात लावला आणि म्हणाल्या, "तुमचा तरी डबा ऱ्हायला, बाई."

फिरता फिरता आईचे बोट एका जागी थांबले. तिथे भुग्यामुळे तुकडे कमी पडले होते, म्हणून आम्ही दुकानातून नवी लादी आणून तिचे तीन तुकडे बसवले होते. रंग इतका जुळत होता की आमच्याही लक्षात राहिले नव्हते. आईने अंगठा दोनदा फिरवला.

"ह्यो कुठला?" ती म्हणाली. "ह्यो माझा न्हाई."