वाहतं पाणी, उभा दगड

गडचिरोलीतल्या सिरोंच्याहून पूल ओलांडला की पलीकडे तेलंगणातलं कालेश्वर. गाभाऱ्यात पाऊल टाकलं आणि थबकलोच. एकाच शाळुंकेवर दोन लिंगं! एक कालेश्वर, म्हणजे यम. दुसरा मुक्तेश्वर, म्हणजे शिव. आधी यमाची पूजा, मग शिवाची, असा इथला क्रम. मुक्तेश्वराच्या लिंगाला दोन छिद्रं आहेत. त्यांत ओतलेलं पाणी जमिनीखालून थेट संगमाला जाऊन मिळतं, अशी भाविकांची श्रद्धा. मृत्यू आणि मुक्ती एकाच आसनावर शेजारी बसलेले मी प्रथमच पाहत होतो.

खाली घाटावर गोदावरी आणि प्राणहिता भेटतात. तिसरी सरस्वती, गुप्त. मार्कंड्याच्या देवळांना वळसा घालून आलेली वैनगंगा वर्धा नदीला मिळते, त्या दोघींची प्राणहिता होते आणि ती इथे येऊन थांबते. पितरांसाठी लोक इथे येतात. 2022 च्या एप्रिलमध्ये, बारा वर्षांनी येणाऱ्या प्राणहितेच्या पुष्कर स्नानपर्वाला, सिरोंच्याचे घाटही असेच माणसांनी भरले होते. माझ्यासमोर मुंडण केलेला एक तरुण गुडघाभर पाण्यात उभा होता. बोटात दर्भाचं पवित्रक, ओंजळीत काळे तीळ. भटजी तेलुगू वळणाच्या मराठीत सांगत होते, तसा तो वडिलांचं, आजोबांचं, पणजोबांचं नाव घेत होता. वसु, रुद्र, आदित्य: आपल्या श्राद्धात पितरांच्या या तीन पायऱ्या. पणजोबांच्या मागच्या पिढीला स्वतंत्र पिंड नाही. प्रत्येक पिढीबरोबर एक नाव मागे पडतं आणि पाणी पुढे जातं.

तिथून आलापल्लीचं सागवान मागे टाकत भामरागडला आलो. वाटेत हेमलकसा लागतं. 1973 साली बाबा आमटे यांनी तिथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. भामरागडलाही तीन नद्यांचा संगम आहे: पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती. तिन्ही डोळ्यांना दिसणाऱ्या, आणि तिन्हींच्या पलीकडे अबुझमाडाचे डोंगर. काठावर देऊळ असेल, पायऱ्या असतील, या अपेक्षेने मी शोधत होतो. पितरांची जागा मला सापडली ती नदीपासून लांब, माडिया आदिवासींच्या एका गावाच्या वाटेवर.

मोहाच्या झाडांखाली दगड उभे होते. कुणी कमरेइतका, कुणी माझ्या डोक्याहून उंच. छिन्नीचा एकही घाव नाही. कोरीव आकृती नाही, अक्षर नाही, शेंदूर नाही. एकाच्या अंगावर राखाडी दगडफूल चढलेलं, तर शेजारच्याच्या बुडाची माती अजून ताजी, लालसर. त्याच्या पायथ्याशी पानांचा एक द्रोण, वाळून सुरकुतलेला, आणि त्यात तांदळाचे चार दाणे. बरोबरच्या मुलाने एका म्हाताऱ्या दादांना माडियात काही विचारलं. दादांनी दगडांवर एकेक करून हात ठेवला आणि नाती सांगितली: हा बाप, हा बापाचा बाप, हा त्याचा भाऊ, ही आत्या. मग रांगेच्या टोकाच्या, कलत्या झालेल्या दगडांकडे हात केला. मुलगा म्हणाला, "दादा म्हणतात, हे कोण ते ठाऊक नाही. पण आमचेच."

हे ऐकून मी स्तब्ध झालो. नाव विसरलं तरी माणूस कुळातून वजा होत नाही! डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन या इंग्रज अधिकाऱ्याने 1938 च्या 'द मारिया गोंड्स ऑफ बस्तर' या ग्रंथात अशा दगडांची दखल घेतली, तेव्हा ते पुराणवस्तू नव्हते. गावकरी ते उभारत होते. देशात अनेक ठिकाणी महापाषाण उत्खननात सापडतात. इथे ती रीत नांदती आहे. मेलेला माणूस इथे कुठे पाठवला जात नाही, तो गावाच्या व्यवहारात राहतो. नवं धान्य, पहिला आंबा आधी देवाला आणि पूर्वजांना. त्यासाठी पंडुम, म्हणजे सण, आणि पंडुम झाल्याशिवाय नवं फळ तोंडात घालायचं नाही. माणसाचं कूळ चार देवांचं की सात, यावरून सोयरीक कुणाशी जमेल तेही ठरतं. लग्नाच्या बोलण्यातही पूर्वज असे हजर असतात.

कालेश्वरचा तरुण वडिलांना मोकळं करायला आला होता; हे दादा वडिलांना सांभाळत होते. दोघांचं ऋण एकच. एकाने ते वाहत्या पाण्यात फेडलं, दुसरा ते उभ्या दगडापाशी रोज मान्य करतो. यातला एक मार्ग मोठा आणि दुसरा मागासलेला, असं ज्याला वाटतं त्याने या दोन्ही ठिकाणी एकदा उभं राहावं.

म्हणून भामरागडला जाणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. त्या दगडांना टेकून फोटो काढू नका, चपला घालून मधून फिरू नका. गावच्या पेरम्याला किंवा भूमियाला, म्हणजे पारंपरिक प्रमुखांना, विचारूनच पुढे जा. आणि रस्ता रुंद करायचा असो की जमीन मोजायची असो, मोजणाऱ्याने या जागेची नोंद देवस्थान म्हणूनच केली पाहिजे. छप्पर नाही, कळस नाही, म्हणून ती मोकळी जागा ठरत नाही. तिथे एक अख्खं कूळ राहतं.