जलाशयाकाठच्या घराचे दर्शनी रूप

धरणाच्या काठावरील घराला दोन दर्शनी बाजू असतात. एक रस्त्याची, जिथे फाटक, पायवाट आणि ओटी असते. दुसरी पाण्याची, जिकडे तोंड करून घरातली माणसे दिवसभर बसलेली असतात. शहरातल्या बंगल्याप्रमाणे केवळ पहिलीकडे लक्ष पुरवले तर निम्मे घर परसदारासारखे कळाहीन राहते. पवना धरणाच्या काठी, तुंग आणि तिकोना दोन्ही दिसतील अशा जागी, प्रस्तुत लेखकाच्या कुटुंबाचे जुने कौलारू घर आहे. त्याची डागडुजी करताना कामाचा जो क्रम ठरत गेला, त्याचेच हे वर्णन.

या भागात घराची रया धरणाच्या पाण्याने जात नाही, पावसाने जाते. पुणे शहरात वर्षाला सुमारे 700 मिलिमीटर पाऊस पडतो. लोणावळ्यात तो 4000च्या पुढे जातो, आणि पवनेचा काठ तिथून फार लांब नाही. शिवाय हा पाऊस सरळ पडत नाही, वाऱ्याबरोबर आडवा येतो. पश्चिमेची भिंत चार महिने ओलीच असते आणि पाऊस सरताना तिच्यावर आधी हिरवे, मग वाळून काळे पडलेले शेवाळ उरते. त्याच वेळी रंगवलेली पूर्वेची भिंत मात्र बरीच स्वच्छ असते. म्हणून रंगाचा डबा उघडण्याआधी पाण्याच्या वाटा पाहाव्या लागतात.

सुरुवात छपरापासून होते. मंगळूरला बासेल मिशनने 1865 मध्ये सुरू केलेल्या कारखान्यातून ज्या कौलांचा प्रसार झाला, तीच मंगलोरी कौले अशा बहुतेक घरांवर आहेत. ती उतरवून कुंच्याने घासली, फुटकी तेवढी बदलली आणि कुजलेल्या रिपा काढल्या, की छप्पर पुन्हा लालसर दिसू लागते. कौलांवर चकचकीत रंग मारण्याची सध्या हौस आहे. दोन-तीन पावसाळ्यांत त्याचे पापुद्रे सुटतात आणि छपराला खरूज झाल्यासारखे दिसते.

छपरापेक्षा महत्त्वाची वळचण. पागोळ्या वर्षानुवर्षे एकाच रेषेत पडतात, अंगणात सरळ चर पाडतात आणि त्या चरीतली तांबूस माती भिंतीवर उडवतात. या घराचे काम सुरू होण्यापूर्वी गावातल्या गवंड्याने त्या मातकट पट्ट्याची वरची कड कोळशाने भिंतभर आखून घेतली. वळचण रुंद होती तिथे रेषा जोत्याच्या जवळ राहिली. स्वयंपाकघराच्या टोकाला, जिथे वासे आखूड होते, तिथे ती थेट खिडकीपाशी चढली. काम कुठे करायचे ते त्या रेषेनेच दाखवून दिले. आखूड वाशांना जोड देऊन वळचण पुढे काढली, चरीतली माती उपसून वीतभर खोल खडी भरली आणि निचऱ्याला घरापासून दूर उतार दिला. पन्हळ लावायची की नाही, हा प्रश्न झाडांवर सोडावा. वर जांभूळ किंवा करंज असेल तर ती पानांनी चोंदते आणि पाणी नेमके भिंतीवर सांडते.

जोते काळ्या दगडाचे असेल तर त्यावर सिमेंटचा गिलावा करून रंग देऊ नये. असला गिलावा फोडून दगड मोकळा केला आणि दर्जा नीट भरून घेतल्या, एवढ्याने घराला जो भारदस्तपणा येतो तो कोणत्याही महागड्या लादीने येत नाही.

भिंतींना लोणा लागला असेल तर तो तारेच्या ब्रशने खरवडून, ओल कुठून येते ते शोधूनच पुढे जावे. दिवाळीच्या तोंडावर रंग काढण्याची रीत देशावर ठीक आहे. मावळात तेव्हा भिंत आतून ओली असते आणि पुढच्या उन्हाळ्यात रंगाला फुगे येतात. प्लास्टिकच्या कागदाचा तुकडा चारही कडांनी भिंतीला चिकटवून एक दिवस ठेवावा. मागच्या बाजूला दव धरले तर अजून थांबायचे. जानेवारी-फेब्रुवारी हा इथला रंगाचा खरा हंगाम. ऑइलपेंट बाहेरच्या भिंतींना वर्ज्य, कारण तो ओल आतच कोंडतो. चुना किंवा भिंतीतली वाफ बाहेर पडू देणारा रंग बरा. छटा निवडताना समोरचे डोंगर पावसाळ्यात हिरवेगार आणि मे महिन्यात करपलेले असतात हे ध्यानात ठेवावे. मातकट पांढरा दोन्हींत खपून जातो, गुलाबी आणि पोपटी कशातच नाही.

दारे-खिडक्यांच्या सागवानाला जवसाचे तेल, फाटकाला गंज घासून रेड ऑक्साइड आणि वर काळा रंग. इथे अधिक सांगण्यासारखे काही नाही. पायवाटेला मात्र गुळगुळीत फरशी घालू नये. टाकी मारलेला खरबरीत दगडच पावसात पाय धरून ठेवतो.

पाण्याकडची बाजू अवघड, कारण तिथला काठ स्थिर नसतो. श्रावणाच्या सुमारास अंगणाजवळ आलेले पाणी वैशाखात खूप मागे हटते आणि मध्ये भेगाळलेल्या गाळाचा पट्टा उघडा पडतो. धरणासाठी संपादन झालेली ही जमीन शासनाची. काही ठिकाणी तिथे गाळपेरही होते. तिच्यावर पायऱ्या, धक्का किंवा भिंत बांधून ती ‘सुशोभित’ करण्याचा मोह कायद्याने आणि शहाणपणाने आवरावा. आपल्या हद्दीच्या कडेला वाळा लावला तर माती धरून राहते, निरगुडीचे कुंपण नजर अडवत नाही आणि उन्हाळ्यातला उजाड पट्टाही थोडा झाकला जातो. हिरवळ लावणे म्हणजे टंचाईच्या महिन्यांत पाणी ओतणे आणि पहिल्या पावसात तिचे खत धरणात सोडणे. पिंपरी-चिंचवडला हेच पाणी प्यायला जाते.

दिवे पिवळे, कमी उजेडाचे आणि खाली तोंड केलेले असावेत, तेही रस्त्याच्या बाजूला. पाण्याकडे प्रखर दिवा लावला की पहिल्या पावसानंतर पंख फुटलेल्या वाळव्यांची सगळी पलटण ओटीवर उतरते.

उरतो पावसाळ्यातला निळा ताडपत्रीचा पडदा. वर्षभराच्या मेहनतीवर तो चार महिने बोळा फिरवतो, तरी पश्चिमेला आडोसा तर हवाच. त्यासाठी बांबूच्या चौकटीवर गवताची झड विणून ती मृगापूर्वी भिंतीपासून हातभर अंतरावर बांधावी, म्हणजे मागे वारा खेळतो आणि भिंत सुकत राहते. दसऱ्यानंतर झडी सोडून उन्हात वाळवायच्या आणि माळ्यावर टाकायच्या. गवत कुजले असेल तर तेवढे बदलायचे, चौकटी पुढेही चालतात.