एका शिंकेचे शास्त्र

मराठी भाषेने नाकाला फार मान दिला आहे. अब्रू गेली की नाक कापले जाते, दमछाक झाली की नाकी नऊ येतात, सोवळेपणाचा आव आणणारे तर नाकानेच कांदे सोलतात! पण त्याच नाकातून एक शिंक बाहेर पडली की मात्र अपशकुन होतो.

माझ्या आईला पहाटे उठल्याबरोबर दहा-पंधरा शिंका येतात. शेजारचे कुणी कामाला निघाले असेल तर ते परत ओट्यावर टेकते. मळणीच्या दिवसांत, किंवा बांधावर गाजर गवत फुलले की, तिचे नाक वाहते, डोळे खाजतात. आजी म्हणते, "दही खाल्लं असशील." मुकादम म्हणतो, "कामाचा कंटाळा, दुसरं काय?"

मी कला शाखेचा विद्यार्थी. तरी ग्रंथालयात एक पुस्तक चाळताना 'हिस्टामिन' हा शब्द भेटला आणि मी तिथेच थांबलो. नाकाच्या अस्तरात मास्ट पेशी असतात. त्या हिस्टामिनच्या पुड्या बांधून बसलेल्या असतात. परागकण म्हणजे खरे तर निरुपद्रवी पाहुणा. पण काहींचे शरीर त्याला चोर समजते आणि त्याच्यासाठी खास प्रतिद्रव्ये तयार करून या पेशींवर पहाऱ्याला बसवते. तो पुन्हा आला की पुड्या फुटतात. हिस्टामिन मज्जातंतूंना डिवचते, म्हणून खाज आणि शिंका. ग्रंथी पाझरतात, म्हणून पाणी. रक्तवाहिन्या फुगतात, म्हणून नाक चोंदते. चोर नाहीच, आणि गावभर बोंब!

हिस्टामिनला अडवणारी औषधे शोधणाऱ्या डॅनिएल बोव्हे यांना १९५७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आई घ्यायची ती गोळी त्याच जुन्या घराण्यातली. तिने शिंका थांबत, पण हातात विळा असताना डुलकी येई. कारण मेंदूत हेच हिस्टामिन आपल्याला जागे ठेवते आणि जुनी गोळी तिथेही पोचते. गोळी घ्यावी तर मजुरी बुडते, न घ्यावी तर बोलणी खावी लागतात. नंतरच्या गोळ्यांनी झोप कमी येते. पण डॉक्टरांना असे काही विचारायचे असते, हेच आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हते.

मी हे सारे आईला समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हणजे मी कामचुकार नव्हते तर."

आता तिची गोळी बदलली आहे. मुकादमाला मात्र हिस्टामिन अजून कळलेले नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. तेव्हा त्याला सांगण्याचे कामही बहुधा माझ्याकडेच येणार.