पाला

मराठीत ‘पाला’ म्हणजे झाडाची पाने. हिंदीत ‘पाला’ म्हणजे गोठलेले दव, दहिवर. एकाच शब्दाच्या या दोन अर्थांमधले अंतर आप्पांना वयाच्या पासष्टाव्या वर्षी कळले. आणि ते कळण्यासाठी वांग्याचे एक वाण जवळजवळ गमवावे लागले.

आप्पा सांगली जिल्ह्यातील कृष्णाकाठचे शेतकरी. २००५ च्या पावसाळ्यात त्यांची पत्नी वारली. दिवाळीनंतर मुलाने त्यांना दिल्लीला, मयूर विहारमधील आपल्या तळमजल्यावरच्या घरी आणले. येताना आप्पांनी एकच ठेवा जपून आणला होता. पत्नीने राखेत घोळून फडक्यात बांधून ठेवलेले काटेरी वांग्याचे बी! घरामागे चार हात जमीन होती. आप्पांनी बहुतेक सारे बी तेथे पेरले. कृष्णाकाठी थंडीत वांगे चांगले येते, हा चाळीस वर्षांचा अनुभव. त्याविषयी कोणाला विचारावे, असे त्यांच्या मनातही आले नाही.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात रोपे वीतभर झाली. जवळच्या यमुनेच्या खादरात, म्हणजे नदीपात्रालगतच्या गाळाच्या जमिनीत, भाजी पिकवणारी एक बाई दारावर मुळे विकायला येत असे. सात तारखेच्या संध्याकाळी तिने रोपांकडे पाहिले, मग आकाशाकडे पाहिले आणि ती म्हणाली, “बाबाजी, आज रात पाला पड़ेगा। पौधे ढक दो।”

आप्पा हसले. पाला पडेल तर पडू दे. जुनी पाने गळतात, नवी येतात!

दुसऱ्या दिवशी, ८ जानेवारी २००६ रोजी, दिल्ली पांढरी होऊन उठली. मोटारींच्या टपांवर, गवताच्या पात्यांवर बर्फाचा पातळ थर होता. सफदरजंग वेधशाळेत त्या पहाटे किमान तापमान ०.२ अंश सेल्सिअस नोंदले गेले. दिल्लीने याहून कडक थंडी पूर्वीही पाहिली होती. १६ जानेवारी १९३५ रोजी याच वेधशाळेत पारा उणे ०.६ अंशांपर्यंत उतरला होता. आप्पांना यातले काहीच ठाऊक नव्हते. ऊन चढले तशी वांग्याची पाने उकळते पाणी ओतल्यासारखी काळवंडून माना टाकू लागली. शेजारच्या वाफ्यातील मेथी आणि कोबी मात्र ताठ उभी होती.

आप्पा दिवसभर कोणाशी बोलले नाहीत. संध्याकाळी त्यांनी फडके उघडले. तळाशी चिमूटभर बी उरले होते.

दुसऱ्या दिवशी ते खादरात गेले. तेथे त्या बाईच्या शेतात काकडी-भोपळ्याच्या कोवळ्या वेलांजवळ वाळक्या सरकंड्याचे आडोसे रोवलेले होते. वायव्येकडून येणारा गार वारा त्यांना अडत होता, आणि आग्नेयेकडची बाजू उन्हासाठी मोकळी होती. चाळीस वर्षे इतरांना शेतीचा सल्ला देणारे आप्पा बांधावर बसले आणि त्यांनी विचारले, “बहनजी, कब लगाना चाहिए?”

पाल्याची तारीख कोणी सांगू शकत नाही, असे तिने सांगितले. पाऊस होऊन आकाश निरभ्र झाले, वारा पडला आणि चांदण्या लखलखू लागल्या की ती रात्र वैऱ्याची. ढग पांघरुणासारखे जमिनीची ऊब धरून ठेवतात. ते नसले की ऊब आकाशात निघून जाते. अशा दिवशी सायंकाळी हलके पाणी द्यावे, कारण ओली माती दिवसाची ऊब अधिक साठवते. रोपे झाकावीत आणि सकाळी उघडावीत. वांगे, टोमॅटो, मिरची ही नाजूक पिके वसंत पंचमीनंतरच उघड्यावर लावावीत.

तापमापकावर विसंबून राहता येत नाही, हे आप्पांनी पुढे स्वतःच ताडले. वेधशाळेतील तापमापक जमिनीपासून सुमारे चार फूट उंच असतो. शांत रात्री जमिनीलगतची हवा त्याहून गार असते. म्हणून पारा शून्याच्या वर असतानाही गवतावर दहिवर गोठू शकते. बावीस डिसेंबरनंतर दिवस वाढू लागतो, तरी खरा कडाका जानेवारीत का, हेही त्यांना उमगले. दिवसा मिळणाऱ्या उष्णतेपेक्षा रात्री गमावलेली उष्णता तेव्हाही अधिकच असते.

संक्रांत झाली. आप्पांनी उरलेले बी एका खोक्यात पेरून ते खिडकीच्या आत, उन्हाच्या कवडशात ठेवले. फेब्रुवारीच्या अखेरीस रोपे वाफ्यात गेली. मे महिन्यात पहिली काटेरी वांगी उतरली, तेव्हा घरात भरल्या वांग्याचा वास दरवळला आणि मुलगा घास हातात धरून क्षणभर थांबला. चव आईच्या हातची नव्हती. पण वांगे तिचेच होते.

काही फळे आप्पांनी बियांसाठी झाडावरच पिकू दिली. त्यातले मूठभर बी पुडीत बांधून ते खादरात देऊन आले.

त्यानंतर कित्येक हिवाळे पाल्याविना गेले. तरीही आप्पा जानेवारीत रोज संध्याकाळी अंगणात येऊन आकाश पाहत आणि चांदण्या स्वच्छ दिसल्या की रोपांवर जुनी धोतरे पांघरत. “पाला तर पडत नाही, मग रोज कशाला?” असे नातवाने एकदा विचारले. आप्पांनी त्याला आपली वही दाखवली. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत ‘पाला’ हा शब्द होता आणि त्याखाली दोन्ही अर्थ लिहिलेले होते.

“गावाकडचं पंचांग मला पाठ होतं, बाळा,” ते म्हणाले. “इथलं मी अजून शिकतोय.”