वहीत काय लिहायचं?

आमच्या उर्दू शाळेचं ऑफिस सांभाळणारे भाई यंदा निवृत्त होत आहेत. संगणकाचं सगळं काम त्यांच्या डोक्यात आहे. मुख्याध्यापक मला म्हणाले, "आपा, तुम्ही उर्दू-मराठी दोन्ही शिकवता. त्यांच्याकडून सगळं समजून घ्या आणि लिहून काढा."

पण सगळं लिहिलं तर वाचणार कोण? यू-डायस प्लसवर कोणतं बटण दाबायचं हे स्क्रीनच सांगते, आणि बटणं बदलतही राहतात. म्हणून ते सोडलं. स्क्रीन जे सांगत नाही, ते लिहायचं ठरवलं.

पहिलं पान नावांचं. साबिर, सलमा, समीना. मराठीत तिघांचा 'स' एकच. उर्दूत मात्र साबिरला स्वाद, सलमाला सीन आणि समीनाला से लागतो. मराठी यादीवरून उर्दू नाव अंदाजाने लिहिलं की हिज्जे चुकतात. इंग्रजीत एकच शेख तीन-चार तऱ्हांनी लिहिला जातो. पोर्टलवरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळलं नाही, तर मुलाचं काम अडतं. म्हणून वहीत लिहिलं: नाव कानाने ऐकून भरू नये. आधी जनरल रजिस्टर पाहावं, मग आधारशी ताडून पाहावं. फरक दिसला तर आपल्या मनाने दुरुस्त न करता पालकांना बोलवावं.

दुसरं पान फाइलींचं. जुन्या प्रश्नपत्रिका इनपेजमध्ये आहेत. त्यातला मजकूर युनिकोडमध्ये नाही. तो उचलून वर्डमध्ये टाकला की अक्षरांचा कचरा होतो. हे माहीत नसेल तर नवा माणूस फाइल खराब झाली समजून पुसून टाकेल.

काही गोष्टी मुद्दाम लिहिल्या नाहीत. पासवर्ड नाही, मुलांचे आधार क्रमांक तर मुळीच नाहीत. वही टेबलावर पडून असते, कुणीही उघडू शकतं. पासवर्ड कोणाच्या ताब्यात आहे आणि ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतो, एवढं लिहिलं. सध्या तो भाईंच्याच मोबाइलवर येतो. निवृत्तीआधी नंबर बदलून घ्यायचा, ही ओळ लाल शाईने लिहिली.

वही मराठीत ठेवली, कारण पुढच्या क्लार्कला उर्दू येईलच असं नाही. मग एका नव्या शिक्षिकेला वही देऊन एका मुलाची माहिती भरायला सांगितली. ती जिथे थांबून विचारायची, तिथे एक ओळ वाढवली. जे न वाचताच तिला जमलं, ते खोडलं. आता वही अकरा पानांची आहे.