सरासरीचा पाऊस

पुण्यात शिवाजीनगरच्या बाजूस बसचा वाहक ‘सिमला ऑफिस’ असे पुकारतो तेव्हा, हिमालयातल्या एका थंड हवेच्या गावाचे नाव या पठारावर कसे येऊन राहिले, असा प्रश्न मला लहानपणी पडत असे. १९२८ साली हवामान खात्याचे मुख्य दप्तर सिमल्याहून पुण्यास आले आणि खात्याच्या सामानसुमानाबरोबर गावाचे नावही इथेच मुक्कामाला राहिले, हे पुढे कळले. त्या दगडी इमारतीवरून जाताना आजही माझे पाऊल क्षणभर थबकते, कारण ज्या आकड्यावर कोट्यवधी माणसांची पेरणी, कर्ज आणि झोप अवलंबून असते तो आकडा मांडण्याचे काम याच गावात चालते.

पावसाचा अंदाज बांधण्याची ही विद्या आपल्याकडे दुष्काळाच्या पोटी जन्मली. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतर हवामान खात्याचे प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयावरचे बर्फ आणि पुढचा मोसमी पाऊस यांचा संबंध जुळवला, आणि १८८६ पासून रीतसर अंदाज प्रसिद्ध होऊ लागले. त्यांच्यामागून आलेल्या जॉन इलियट यांनी १८९९ साली चांगल्या पावसाची ग्वाही दिली आणि नेमक्या त्याच वर्षी ‘छप्पनिया’ दुष्काळ पडला. त्यानंतर विसाव्या शतकाच्या आरंभी काही वर्षे हा अंदाज सरकारी दप्तरातच गोपनीय ठेवला गेला. चुकीची कैफियत लोकांपुढे मांडण्यापेक्षा अंदाजच झाकून ठेवणे त्या राजवटीला सोयीचे वाटले असावे.

शंभर वर्षांनी, २००२ साली, सोळा घटकांवर उभारलेल्या गणिताने दीर्घकालीन सरासरीच्या १०१ टक्के पाऊस वर्तवला आणि प्रत्यक्षात ८१ टक्के पडला. एकट्या जुलैत तर नेहमीच्या निम्माही पाऊस झाला नाही. मला त्या चुकीपेक्षा तिच्या आधीची वर्षे अधिक विचारात पाडतात. १९८८ पासून २००१ पर्यंत देशव्यापी अवर्षण एकदाही आले नव्हते, आणि त्या काळात पाऊस ‘साधारण’ राहील असे सांगणाऱ्या पद्धतीचा लौकिक वाढत गेला; पण जी परीक्षा झालीच नाही, तीत उत्तीर्ण झाल्याचे श्रेय कोणत्या न्यायाने द्यावे?

आणि सरासरी म्हणजे तरी काय? नगर जिल्ह्यातील आमच्या गावी एका वर्षी मृगाने बरी सलामी दिली, काकांनी पाभर जुंपून बाजरी पेरली आणि पाऊस जो गेला तो तीन आठवडे फिरकला नाही. मी त्यांच्याबरोबर रानात गेलो होतो. काकांनी खाली बसून तासातली माती बोटाने उकरली आणि एक दाणा तळहातावर घेतला. तो फुगला होता, त्याला गव्हाळ रंगाचा इवलासा कोंबही फुटला होता, आणि तो कोंब तिथल्या तिथे वाळून गेला होता. “देशात शंभर टक्के पडंल रे,” काका म्हणाले, “पण आपलं रान त्यातल्या कुठल्या टक्क्यात बसतं, हे कोण सांगणार?” त्या प्रश्नाचे उत्तर मला आजवर कोणत्याही ग्रंथात सापडलेले नाही.

खात्याच्या पत्रकात आकड्याशेजारी अधिक-उणे काही टक्क्यांची चूक गृहीत धरल्याची नोंद असते. शास्त्रज्ञ ती प्रामाणिकपणे लिहितात. परंतु पत्रकातून वर्तमानपत्राच्या मथळ्यात, मथळ्यातून बाजारात आणि बाजारातून बांधावर येईतो ती कुठेतरी गळून पडते, आणि ज्याला तिची सर्वांत अधिक गरज होती त्याच्या हाती नुसता आकडा उरतो. या बाबतीत महसूल खात्याचा जुना शब्द मला फार खरा वाटतो: पिकाच्या पहिल्या पैसेवारीला ते ‘नजरअंदाज’ म्हणतात, आणि पुढे ती सुधारित, मग अंतिम अशा पायऱ्यांनी जाहीर करतात. राष्ट्रीय उत्पन्नाच्या वाढीचा दर मात्र दशांश चिन्हानंतरच्या अंकासकट वर्ष संपण्यापूर्वीच सांगितला जातो, आणि सरून गेलेल्या वर्षाचाही आकडा पुढे दोन-तीन वर्षे बदलत राहतो. मग येणाऱ्या वर्षाविषयीच्या त्या दशांशावर किती विसंबावे?

पृथ्वी तापते आहे याविषयी मात्र मला संशय नाही, कारण ते तापमापकावर वाचलेले आहे. संशय येतो तो तारखांचा. आंतरराष्ट्रीय हवामान समितीच्या २००७ च्या अहवालात हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याची भीती छापली गेली होती, आणि ती निराधार असल्याची कबुली २०१० साली द्यावी लागली. त्या एका तारखेने, खऱ्या संकटाकडेच पाठ फिरवू इच्छिणाऱ्यांना आयती सबब मिळाली, याचे मला अधिक दुःख होते.

काकांनी त्या वर्षी उसनवारी करून दुबार पेरणी केली. पुढच्या वर्षापासून त्यांनी बियाण्याच्या दोन पिशव्यांपैकी एकच फोडायचा परिपाठ ठेवला. दुसरी आर्द्रा सरेपर्यंत माजघरातल्या खुंटीला टांगलेली असे, आणि रेडिओवर पावसाची बातमी लागली की ते ती अखेरपर्यंत लक्ष देऊन ऐकत आणि मग एकदा वर पिशवीकडे पाहत.